वस्तीने गॅस नाकारला नव्हता

मागच्या महिन्यात विद्यापीठातून एका बाईंचा फोन आला. ढुमणे सरांच्या नावाने ऊर्जा विभागाची नवी इमारत उभी राहते आहे, त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे आणि सरांच्या निवृत्तीच्या वेळी गौरव अंकात मी लिहिलेला लेख तीत पुन्हा छापायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. "तुमची हरकत नसेलच," असंही म्हणाल्या. मी म्हणालो, हरकत आहे. त्यांना वाटलं, मला कमी ऐकू येतं. त्यांनी तेच सगळं पुन्हा, मोठ्या आवाजात सांगितलं. मी पुन्हा म्हणालो, हरकत आहे.

त्या लेखात एक वाक्य असं आहे: 'वसतिगृहाच्या संडासांपासून मिळणारा गॅस मागच्या वस्तीत घरोघरी मोफत देण्याची सरांची तयारी होती, परंतु तेथील रहिवाशांनी अज्ञानापोटी तो नाकारला.' हे वाक्य मी लिहिलं. ते खोटं आहे, हे लिहितानाच मला माहीत होतं. वस्तीने गॅस नाकारला नव्हता. वस्तीला तो कोणी कधी देऊच केला नव्हता. आता हे सांगायचं तर ढुमणे सर कसे होते तेही सांगायला हवं, आणि गौरव अंकात होते तसे ते नव्हते.

मला ते कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो.

डॉ. त्र्यंबक ढुमणे यांत्रिकी विभागाचे प्रमुख होते. मी विद्यापीठाच्या इस्टेट विभागात अधीक्षक. म्हणजे इमारती, पाणी, वीज, मेसची लाकडं, जनरेटरचं डिझेल हे सगळं माझ्याकडे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कुलगुरूंनी ठरवलं की वर्ध्याजवळचा मोठा परिसर आणि हिंगणघाट रस्त्यावरचा धाकटा परिसर, दोन्ही हळूहळू कोळसा, लाकूड आणि डिझेलपासून मुक्त करायचे. पृथ्वीचं तापमान वाढतंय, हवामान बिघडतंय, हे तेव्हा आमच्याकडे फार कोणी बोलत नव्हतं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या माणसाला पृथ्वी तापतेय हे सांगितलं तर तो म्हणतो, मग नवीन काय? पण कुलगुरूंनी ठरवलं आणि काम ढुमणे सरांकडे दिलं. मला त्यांच्या हाताखाली दिलं.

सर उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे खांद्यातून वाकलेले असत. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि खिशात पेनाऐवजी टेस्टर. त्यांना वस्तूंना हात लावायची सवय होती, तीही हाताच्या मागच्या बाजूने. तुमच्या चहाच्या कपाला लावतील, जीपच्या बॉनेटला लावतील, दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीला लावतील आणि म्हणतील, "हे सगळं वाया चाललंय." एकदा आमचा शिपाई ताप आला म्हणून रजा मागायला आला. सरांनी त्याच्याही कपाळाला तसाच हात लावला. एवढंच म्हणाले, "जा." तो बिचारा बाहेर येऊन मला विचारू लागला, "साहेब, रजा भेटली का नौकरी गेली?"

कुठल्याही इमारतीत शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "इथे वाया काय जातंय?" लोक गडबडून जात. ग्रंथपालांनी एकदा "वेळ" असं उत्तर दिलं, तर सर हसले नाहीत. त्यांनी वाचनालयातले निम्मे दिवे काढायला लावले.

ही दृष्टी त्यांच्यात घरूनच आली असावी. ते हिंगणघाटच्या एका सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. कापसाची रुई मिलमध्ये जाते, सरकीचं तेल निघतं, तेलानंतर ढेप उरते ती ढोरं खातात. वडिलांच्या दुकानात काही फेकलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. "कापसाच्या झाडाचं सगळं विकलं जातं, गावंडे," ते मला म्हणायचे. "एक पऱ्हाटी सोडून." वेचणी संपल्यावर शेतात उरणारं कापसाचं वाळकं झाड म्हणजे पऱ्हाटी. ती त्यांच्या डोक्यात लहानपणापासून रुतून बसली होती.

घरातही त्यांचं हेच. विमलवहिनींना त्यांनी इस्त्री वापरायची बंदी केली होती. त्या तांब्यात उकळतं पाणी भरून साड्यांवरून फिरवत. आम्ही एकदा चहाला गेलो तेव्हा लाइट गेली. मी म्हणालो, "वहिनी, लाइट गेली वाटतं." त्या म्हणाल्या, "हो का? आमच्याकडे समजतच नाही हो."

कुलगुरूंच्या बंगल्यातला गीझर काढून त्यांनी गच्चीवर सौर बंब बसवला. श्रावणात ढग आले. तिसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या पत्नींनी फोन केला की अंघोळीला पाणी गार येतंय. पुण्याच्या होत्या त्या, नीट शब्दांत रागावल्या. सर म्हणाले, "बाहेर येऊन आकाश बघा म्हणजे कारण कळेल." आणि फोन ठेवला. ही गोष्ट आम्ही कर्मचारी किती दिवस एकमेकांना सांगत होतो! वरच्याला वाकून न बोलणारा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. खालच्याशी ते कसे बोलतात याकडे मग कोणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी एकाही चपराश्याचं, माळ्याचं, मेसवालीचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. "ए, पंप!" "ए, मेस!" अशी हाक मारत.

आणि ते पैसे खात नव्हते. एक ठेकेदार दिवाळीला काजूकतली घेऊन आला तर सरांनी डबा उघडून ती सगळ्या विभागात वाटली आणि त्याचंच काम नामंजूर केलं. आमच्याकडे पैसे न खाणाऱ्या माणसाला बाकी सगळं माफ असतं. मीही माफ केलं होतं.

कामाला त्यांनी मेसपासून सुरुवात केली. मुलींच्या वसतिगृहाच्या संडासांचं मैलपाणी आणि मेसचं खरकटं एका मोठ्या बंद टाकीत सोडलं. त्यातून गोबरगॅससारखा गॅस तयार होऊन नळीने मेसच्या शेगड्यांपर्यंत येऊ लागला. ज्या दिवशी तो पेटवायचा त्या दिवशी मेसचे दोन्ही महाराज धोतर सावरत कार्यालयात आले. असल्या जाळावर शिजवलेलं आम्ही स्वतः खाणार नाही आणि कोणाला खाऊ घालणार नाही, म्हणाले. सरांनी विचारलं, "हिशेब कधी करू?" त्याच दुपारी दोघं गेले.

दोनशे मुलींचा स्वयंपाक कोण करणार? मी मागच्या वस्तीत गेलो. विद्यापीठाच्या कुंपणाला लागून भूमिहीन मजुरांची जी चाळीसेक घरं आहेत, त्यांना आम्ही मागची वस्ती म्हणायचो. तिथून सहा बाया आणल्या. त्यांत मंजुळाबाई होती. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. मी तिला बाजूला घेऊन नीट सांगितलं की हा गॅस कशाचा आहे. फसवून कामाला लावायचं मला बरं वाटेना. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाप्पा!" ती म्हणाली. "लेकराईचे लंगोट धुवूधुवू हात झिजले आमचे. अन् जाळाले कायची लाज? पेटवा."

तिनेच काडी ओढली. निळा, बिनधुराचा जाळ. बाकीच्या बाया वाकून बघू लागल्या. एकीने वर छताकडे पाहिलं. काजळी धरलेलं नाही याचं तिला नवल वाटलं. मंजुळाबाई म्हणाली, "असा जाळ घरी असला तं डोये तरी फुटणार नाई."

म्हणजे संडासाचा गॅस नाकारला तो महाराजांनी. वस्तीने तो पेटवला. हा क्रम लक्षात असू द्या, कारण पुढे तो उलटा करण्यात आला.

दुसऱ्या वर्षी सरांची खरी हौस आली. मोठी भट्टी. तिच्यात पऱ्हाट्यांची कुट्टी अर्धवट जाळायची, निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचं आणि त्यातून वीज करायची. गावोगावच्या सभांत सर भाषण करत: शेतकरी पऱ्हाट्या बांधावर जाळून टाकतात, तो धूर आकाशात जातो आणि हवामान बिघडवतो, त्या वाया जाणाऱ्या पऱ्हाट्या आम्हाला द्या.

पण आमच्या भागात पऱ्हाट्या वाया जात नव्हत्या. बांधावर थोड्या जळत असतील. बाकीच्या पऱ्हाट्यांचा रिवाज जुना होता. शेवटची वेचणी झाली की भूमिहीन बाया मोठा लोखंडी चिमटा घेऊन शेतात जात, पऱ्हाट्या उपटत आणि शेत साफ करून देत. त्याची मजुरी नाही. उपटलेल्या पऱ्हाट्या त्यांच्या. शेतकऱ्याला शेत मोकळं मिळे आणि बाईला वर्षभराचं जळण. फाल्गुनात वस्तीतल्या प्रत्येक दारापुढे पऱ्हाट्यांची गंजी उभी राही. सोयरीक बघायला येणारी माणसं आधी गंजी बघत, घर कष्टाळू आहे का ते त्यावरून ठरे. हे सगळं बिनपैशाचं, बिनबोलण्याचं चालायचं. त्यामुळे ज्याला विकलं जाणारंच दिसतं त्याला ते दिसलं नाही. सरांनी शेतकऱ्यांना गाडीमागे भाव दिला. शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या विकल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिल्याच हंगामात बाया चिमटे घेऊन गेल्या तशा परत आल्या. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईने मेसमध्ये सरांना गाठलं आणि वस्तीत येऊन सगळ्यांसमोर बोला म्हणाली. ते गेले. मी बरोबर होतो. मारुतीच्या पारावर ते उभे राहिले आणि मेसच्या टाकीतून पाइप टाकून वस्तीत घरोघरी गॅस देतो, असं त्यांनी जाहीर केलं.

"कवा?" मंजुळाबाईने विचारलं.

"एका वर्षात."

"अन् तवरीक?"

"तोवर काय? मेसमध्ये गॅसवरच तर पोळ्या करता तुम्ही."

"त्या पोळ्या पोरी खातेत, सर. माह्या घरचे का वारा खातीन?"

बाया हसल्या. सरही हसले, आणि त्यांची ती कार्यालयातली भाषा गळून पडली. थेट हिंगणघाटचं बोलू लागले. "अवं बाई, एका वर्साचा प्रश्न हाय. पुढच्या होळीले तुह्या घरात निळा जाळ दिसन. मी सांगून राह्यलो नं!"

त्या 'सांगून राह्यलो नं'ने काम केलं. आपल्यासारखं बोलणारा साहेब खोटं बोलेल असं कोणाला वाटलं नाही. मलाही नाही. परतताना जीपमध्ये मी विचारलं, "सर, पाइप कधी मागवायचे?"

"कसले पाइप?"

"वस्तीचे."

"मेसलाच सकाळी दाब पुरत नाही. पाइप टाकून काय वारा सोडायचा?"

मी म्हणालो, "पण तुम्ही आत्ताच सांगितलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिक्षक मंद विद्यार्थ्याकडे पाहतो तसं. "गावंडे, गाड्या अडवल्या असत्या त्यांनी. भट्टी एक हंगाम बंद राहिली की कुलगुरू पुन्हा डिझेलवर जातील आणि मग कायमचे. चाळीस चुली की अख्खी पृथ्वी, तुम्हीच सांगा."

मी काही सांगितलं नाही. मला उत्तर सुचलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. खरं तर मला घरी जायचं होतं आणि उशीर झाला होता.

भट्टी चालली, हेही लिहायला हवं. नीट चालली. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन असं होतं की संध्याकाळी अख्खं वर्धा काळं पडायचं आणि आमच्या दोन्ही परिसरांत दिवे असायचे. परीक्षेच्या दिवसांत गावातली मुलं आमच्या व्हरांड्यात येऊन अभ्यासाला बसत. भट्टीच्या गाळण्या डांबराने तुंबल्या की सर स्वतः आत हात घालून खरवडत. बाहेर येत तेव्हा दात आणि डोळे तेवढे पांढरे दिसत. डिझेल बंद झालं. लाकडाचे ट्रक बंद झाले. पृथ्वीबद्दल सर जे म्हणायचे ते सगळं खरं होतं, हे मला आता मे महिन्यात घराबाहेर पडता येत नाही तेव्हा रोज पटतं. पण त्यामुळे मारुतीच्या पारावरचं बोलणं खरं होत नाही.

होळी आली आणि गेली. वस्तीतल्या दारांपुढच्या गंज्या दिसेनाशा झाल्या. बाया बाभळीचे फांटे आणू लागल्या, सायकलचे फाटके टायर जाळू लागल्या. धूर पूर्वीपेक्षा काळा झाला. काही जणी मेसमधून घरी जाताना परिसरातला वाळका पाला पोत्यात भरून नेत. एका संध्याकाळी सरांनी मंजुळाबाईला फाटकावर अडवलं. मी तिथेच पाण्याच्या टाकीची चावी तपासत होतो.

"ए मेस, पोत्यात काय आहे?"

"पाला."

"कशाला?"

"चुलीत घालाले. लाडू कराले नेऊन राह्यली का?"

"पाल्याचं खत होतं. तो विद्यापीठाचा आहे. टाक इथे."

तिने पोतं खाली ठेवलं, पण तोंड उघडलं नाही. पोत्याचं म्हणायचंय मला, तिचं नाही. "सर, पऱ्हाट्या वाया जाते म्हून तुमी नेल्या. पाला वाया जात नाई म्हून आमाले नेऊ देत नाई. मंग आमी जाळाव काय? चिंध्या?"

"गॅस येणार आहे."

"कवा येनार हाय? मी तं रोज त्या टाकीजवळूनच येते-जाते. कोनी कुदळबी मारली नाई."

"काम कागदावर चालू आहे. कळणार नाही तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "गावंडेभाऊ, चालू हाय का हो?"

मी म्हणालो, "सर सांगताहेत ना."

तिने पोतं तिथेच उपडं केलं, झटकलं, घडी घालून काखेत मारलं आणि गेली. सरांनी पायाने पाला कडेला सारला.

त्यानंतरच्या थंडीत दिल्लीहून समिती आली. हवामानाला न बिघडवणारं विद्यापीठ म्हणून आमचा मोठा सन्मान होणार होता आणि त्याआधी पाहणी होती. सौर पॅनेल दाखवायला पाहुण्यांना यांत्रिकी विभागाच्या गच्चीवर न्यायचं आणि गच्चीच्या बरोबर मागे वस्ती. सरांनी आदल्या दिवशी मला तिकडे पाठवलं. निरोप असा: उद्या दुपारपर्यंत कोणी चूल पेटवायची नाही; सगळ्या घरांना जेवण मेसमधून. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बुंदी. वस्तीला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. पोरं सकाळपासून डबे घेऊन उभी होती.

समितीत तिघं होते. प्रमुख एक वयस्क बाई. भट्टी पाहिली, मेस पाहिली, मंजुळाबाईच्या हातची पोळी तव्यावर फुगताना पाहिली, फोटो घेतले. मग गच्ची. सर सौर पॅनेलबद्दल छान बोलत होते, मी मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. आणि वस्तीतून धूर वर आला. एकाच घरातून, पण वारा नव्हता, त्यामुळे सरळ उभा राहिला.

बाईंनी विचारलं, "वो धुआँ कहाँ से आ रहा है, डॉक्टर साहब? ये तो आपके ही पडोसी हैं ना?"

सर म्हणाले, "जी मॅडम. हमने उनको गॅस ऑफर किया था. उन्होंने मना कर दिया."

"क्यों?"

"टॉयलेट का गॅस है ना. गाँव के लोग हैं. छुआछूत मानते हैं."

बाईंनी मान हलवली. तिघांनीही हलवली. कोणाला शंका आली नाही. अर्ध्या तासापूर्वी त्याच वस्तीतल्या बायांना त्याच गॅसवर पोळ्या करताना त्यांनी पाहिलं होतं, फोटो काढले होते, तरीही आली नाही. गावातली माणसं अडाणीपणाने चांगली गोष्ट नाकारतात, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी बाटल्या पुढे केल्या. त्यांनी पाणी घेतलं.

धूर मंजुळाबाईच्या घरातून आला होता. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ पाच दिवसांचं होतं. मी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तिला विचारलं, तेही जरा दरडावूनच, की एक दिवस थांबता आलं नाही का? ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पुऱ्या मस्त होत्या साहेब. पन बाळंतिनीले पुऱ्यानं शेकू का?"

सन्मान मिळाला. आणि गच्चीवर अडचणीत सापडून बोललेलं ते वाक्य सरांना आवडू लागलं. परिषदांमध्ये ते सांगू लागले. दर वेळी गोष्ट थोडी वाढे. आधी नुसती वस्ती होती, मग तिच्यात एक म्हातारा आला, तो नाक दाबून शेगडीपासून पळतो, मग म्हाताऱ्याचा आवाज आला. तो म्हातारा कधी नव्हता. पण लोक त्याला फार हसत. वर्तमानपत्रातही आलं. हळूहळू वस्तीबाहेरच्या सगळ्यांसाठी तेच खरं झालं. विद्यापीठाला मग पाइपचा विषय काढायचं कारणच उरलं नाही. ज्यांनी नाकारलं त्यांना पुन्हा कोण देणार? सर निवृत्त व्हायच्या वर्षी गौरव अंक निघाला आणि मी ते वाक्य लिहिलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. लेखाला तिथे एक परिच्छेद कमी पडत होता. वस्तीत गॅस आला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, सिलिंडरचा, आणि त्याच्याशी ढुमणे सरांचा काही संबंध नव्हता.

सरांचा निरोप समारंभ मोठ्या सभागृहात झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाल, श्रीफळ, मानपत्र झाल्यावर सर उत्तराला उभे राहिले आणि म्हाताऱ्याची गोष्ट सुरू केली. त्याच वेळी मेसच्या बाया चहाचे ट्रे घेऊन दोन्ही बाजूंच्या दारांतून आत येत होत्या. सरांनी नाक दाबून दाखवलं. सभागृह हसलं. हसू ओसरलं तेव्हा डाव्या दारातून आवाज आला.

"सर, आमी कवा नाई म्हटलं?"

मंजुळाबाई ट्रे धरून उभी होती. माना वळल्या.

"सहा वर्सं झाले, त्याच गॅसवर पोळ्या करून राह्यलो आमी. तुमी बी खाल्ल्या. मंग आमी नाक कवा दाबलं? माह्या घरी काऊन नाई आला तो गॅस?"

 सर तिच्याकडे पाहत होते. मला वाटतं, त्यांनी तिला ओळखलं नसावं. मग ते माइककडे वळले आणि म्हणाले, "बघा, आता मागताहेत!"

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. माझ्या हातात दुसरा माइक होता, चालू होता. मी म्हणालो, "चहा सर्वांपर्यंत पोहोचला असेल, अशी आशा आहे."

कार्यक्रम संपल्यावर सरांना भूक लागली. बाहेर जायचं नाही, मेसमध्येच बसतो म्हणाले. त्यांना खाण्यात डामडौल कधीच नव्हता. शाल खांद्यावरच होती. मी, मेसचा व्यवस्थापक आणि ते, स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या टेबलावर बसलो. चार शेगड्या पेटलेल्या होत्या. तव्यावर मंजुळाबाईच होती, त्या रात्रीचं काम तिच्याकडे होतं. तिने सरांना पोळी वाढली. वांग्याची भाजी, वरण. सर मन लावून जेवत होते. दिवसभराचं झालेलं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हतं. दुसरी पोळी झाली, तिसरी झाली.

"पोळी छान आहे," ते म्हणाले. "गरम आहे. अजून एक आण."

मंजुळाबाई तव्यापाशी गेली. परातीत पाच-सहा गोळे करून ठेवलेले होते. तिने त्या गोळ्यांकडे पाहिलं, वाकली आणि शेगडीची चावी बंद केली. फक्त तिच्या एकीची.

"गॅस सरला," ती म्हणाली.

बाकीच्या तीन शेगड्यांचा निळा जाळ तिच्या मागे तसाच होता. व्यवस्थापक खुर्चीतून अर्धा उठला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते जाळाकडे पाहत होते, मग तिच्याकडे, आणि या वेळी चांगला बराच वेळ. ती पदराला हात पुसत उभी राहिली. हलली नाही.

"सरला असेल," ढुमणे सर म्हणाले, आणि त्यांनी ताटातच हात धुतला.